हा फोटो माझा न्हाय

मगदूम बाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका मंत्र्याला हनुवटी वर करायला सांगत होत्या.

नोकरीचा माझा पहिलाच आठवडा होता. कागलच्या बाजूला एका पाणी योजनेचं उद्घाटन होतं आणि त्याची बातमी लिहायला मला धाडलं होतं. फीत, कात्री, तबक, सगळं तयार. फितीपुढं कार्यकर्त्यांची अशी दाटी की मुंगीला वाट मिळू नये. एवढ्यात त्या दाटीच्या मधोमध एक बुटकी बाई दोन पायऱ्यांच्या लोखंडी स्टुलावर चढली. पदर कमरेला खोचलेला, साडीखाली कॅनव्हासचे पांढरे बूट, गळ्यात दोन कॅमेरे.

"पावणं, डोकं खाली! व्हय, तुमीच, टोपीवालं!" असं एकाला दटावून तिनं थेट मंत्र्यांकडं मोर्चा वळवला. "सायब, हनुवटी जरा वर. फीत कुठं पळून जात न्हाय."

मंत्र्यांनी निमूट हनुवटी वर घेतली. त्यांच्या मागच्या धिप्पाड अंगरक्षकाला मात्र ते सहन झालं नाही. "ए बाई, हो बाजूला," म्हणत त्यानं स्टुलालाच धक्का दिला. बाई पडल्या नाहीत, पण त्यांना उतरावं लागलं. मला वाटलं, आता मुकाट्यानं कडेला होतील. त्यांनी स्टूल उचललं, नेमकं फितीच्या पुढ्यात मांडलं आणि हाताची घडी घालून त्यावर बसल्या.

"हे काय आता?" मंत्र्यांचा स्वीय सहायक घाईला आला.

"मी 'ए बाई' न्हाय. मी वरिष्ठ छायाचित्रकार हाय. ह्यांनी सॉरी म्हटलं की कामाला लागतो."

कात्री हातात घेऊन मंत्री उभे, बाई बसलेल्या, बँडवाले वाजवायचे थांबलेले. शेवटी मंत्रीच मान वळवून म्हणाले, "अरे म्हण की बाबा एकदा. मला पुढं अजून कार्यक्रम आहेत." अंगरक्षक ओठांतल्या ओठांत काहीतरी बोलला. "नीट ऐकू आलं न्हाय, पण चालतंय," असं म्हणून बाई उठल्या, स्टुलावर चढल्या आणि फोटो काढला.

परतताना जीपमध्ये मी विचारलं, "मॅडम, भीती नाही वाटली?"

"वाटली की. म्हणून तर बसलो. उभा ऱ्हायलो असतो तर पाय कापताना दिसलं असतं."

त्या 'बसलो', 'ऱ्हायलो' म्हणायच्या, कारण कोल्हापूरकडं बायकाही स्वतःबद्दल तसंच बोलतात. एकदा मुंबईहून तपासणीला आलेल्या एका अधिकाऱ्यानं त्यांची भाषा सुधारायचा प्रयत्न केला होता. "मगदूम, तुम्ही बाई आहात. 'मी आलो' नव्हे, 'मी आले' म्हणा." बाईंनी फोटोंची पाकिटं टेबलावर ठेवत शांतपणे सांगितलं, "सायब, आमच्याकडं आलं चहात घालत्यात."

आमचं कार्यालय म्हणजे सरकारी कामांची प्रसिद्धी करणारं जिल्ह्याचं एक कार्यालय. खात्याचं नाव सांगत नाही. तिथल्या अनेकांना अजून नोकरी करायची आहे. मी बातम्या लिहायचो, सुरेखा मगदूम फोटो काढायच्या, आणि आमच्या वरती जो असेल तो साहेब दोन्हींवर सही करायचा. मी रोज जयसिंगपूरहून रेल्वेनं यायचो म्हणून बाईंनी माझं नावच जयसिंगपूर ठेवलं होतं. "काय जयसिंगपूर, आज गाडी येळेत?" ही त्यांची सकाळची हजेरी. माझं खरं नाव त्यांना ठाऊक होतं की नाही, याची मला शेवटपर्यंत शंका होती.

त्यांच्या वडिलांचा कागलमध्ये फोटो स्टुडिओ होता. आलेल्या गिऱ्हाइकाला ते आधी आरशापुढं बसवायचे, कंगवा द्यायचे, आणि केस विंचरून झाले की विचारायचे, "काढू काय?" माणूस 'व्हय' म्हणेपर्यंत हात बटणाला जायचा नाही. लेकीनं हा एवढाच वारसा घेतला, पण तो पक्का घेतला. सभेतल्या गर्दीचा फोटो त्या बेधडक काढायच्या. एकट्या माणसावर कॅमेरा रोखायचा तर आधी जवळ जाऊन विचारायच्या. रोजगार हमीच्या कामावरची बाई असो की जिल्ह्याचा मोठा अधिकारी, प्रश्न तोच: "काढू काय?" अधिकारी गोंधळायचे. त्यांना हे कधी कुणी विचारलेलं नसायचं.

'क्लिक' या शब्दाचा त्यांना भयंकर राग. कुणी "मॅडम, एक क्लिक घ्या" म्हटलं की त्या कॅमेरा खाली करायच्या. "क्लिक माउसचा असतोय. आमी फोटो काढतो." पुढं मोबाइल आले आणि प्रत्येक शिपाई, प्रत्येक सरपंच फोटो काढू लागला. बाईंची चेष्टा व्हायला लागली की आता तुमचं काय काम? त्यावर त्या म्हणायच्या, "घरोघरी सुरी असती, म्हणून डॉक्टर घरी बसलेत काय?"

शिरोळ तालुक्यात मोठा पूर आला त्या वर्षीची गोष्ट. कृष्णेचं पाणी गावागावांत शिरलं होतं आणि माणसं शाळांच्या इमारतींमध्ये आसऱ्याला होती. मदतीचे संच वाटायला एक बडे पाहुणे येणार होते. आमच्या तेव्हाच्या साहेबांनी बजावलं होतं, "पाहुण्यांच्या हातात संच, घेणाऱ्याचे हात पुढे आणि चेहऱ्यावर समाधान. असा एक तरी फोटो हवाच."

शाळेच्या व्हरांड्यात रांग लावली. पहिली एक म्हातारी होती. पाहुण्यांनी पिशवी पुढं केली, साहेबांनी "मॅडम, घ्या," म्हणून खूण केली. बाई नेहमीसारख्या दोन पावलं पुढं गेल्या.

"आज्जी, काढू काय?"

म्हातारीनं पदर तोंडावर ओढला. "नगं बाई. उभ्या जन्मात कुणापुढं हात पसरला न्हाय. आज पसरलाय तर त्यो तरी कागदावर नगं."

बाईंनी कॅमेरा खाली घेतला. साहेब जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अहो, तिला काय विचारता? काढा."

"ती नको म्हणतीय."

"मग पुढचीचा काढा."

"पुढचीला इचारतो."

आणि त्यांनी खरंच रांगेतल्या एकेकीला विचारलं. पाहुणे पिशव्या वाटत राहिले, बाई विचारत राहिल्या, बायका माना हलवत राहिल्या. साहेबांचा चेहरा उन्हात ठेवलेल्या लोण्यासारखा उतरत चालला. शेवटी शेवटी एक रांगडी, उंच बाई म्हणाली, "काढा की. पर माझा एकटीचा नगं. माझ्या म्हशीसंगं काढा. दावं तोडून पवत आलीया ती माझ्यामागनं."

म्हैस शाळेच्या मागं, झेंड्याच्या कट्ट्याला बांधलेली होती. तिथं चिखलात उभं राहून बाईंनी तो फोटो काढला. त्या बाईचा हात म्हशीच्या मानेवर, दोघींचीही नजर थेट समोर. दोघींच्याही चेहऱ्यावर 'आता ये की' असा भाव. पिशवी कुठंच नव्हती.

दुसऱ्या दिवशी साहेब तो फोटो हातात धरून ओरडले, "यात लाभार्थी कुठं आहे?"

"ह्या काय, दोन हाईत," बाई म्हणाल्या.

तो फोटो कार्यालयानं वापरला नाही. बाईंनी त्याची मोठी प्रत काढली आणि पूर ओसरल्यावर त्या बाईला नेऊन दिली. पुढं मी त्या गावात गेलो तेव्हा पाहिला तो. देवाच्या फोटोशेजारी लावलेला होता, हार दोन्हींना होता.

या सगळ्याची किंमत त्या देत नव्हत्या असं नाही. चांगल्या दौऱ्यांतून त्यांचं नाव गळायचं, गोपनीय अहवालात 'सहकार्याची वृत्ती कमी' असं यायचं. त्या हसून सांगायच्या, "खरं हाय ते. सहकार्य कुणाला करतोय बघून करतो." पण मोठी किंमत मोजायची वेळ आली ती पुलाच्या प्रकरणात. तेव्हा त्यांच्या निवृत्तीला फार काळ उरला नव्हता.

नवे साहेब आले होते. तरुण, हुशार, गोड बोलणारे. वर्षभरातल्या विकासकामांची एक देखणी पुस्तिका काढायची त्यांनी ठरवली. त्यात एका खेड्यातल्या ओढ्यावरचा पूल होता. पलीकडच्या वस्तीतली पोरं पावसाळ्यात शाळेला मुकायची, म्हणून तो मंजूर झालेला. आम्ही फोटो काढायला गेलो तर पूल उभा होता, रंगवलेला होता, कठड्याला झेंडूच्या माळाही होत्या. फक्त पलीकडच्या टोकाला भरावच घातलेला नव्हता. पूल संपायचा तिथं खाली पुरुषभर खोल मोकळी जागा, आणि तिला टेकवलेली बांबूची शिडी. आमच्या डोळ्यांदेखत दोन पोरी दप्तरं पाठीला मारून त्या शिडीवरून उतरल्या.

साहेबांनी जागा आधीच बघून ठेवली होती. "मॅडम, इथं अलीकडच्या टोकाला बसा. खालून घ्या. म्हणजे नुसता पूल आणि आकाश येतं. सुंदर येईल."

"ते टोक दिसणार न्हाय मग."

"तेच म्हणतोय मी. काम काय होईलच महिनाभरात."

"मग महिनाभरानं या की."

साहेब हसले. "मॅडम, कॅमेरा कुठून धरायचा एवढंच तर ठरवायचंय. यात खोटं काय आहे?"

बाईंनी पलीकडच्या टोकाकडं बोट केलं. म्हणाल्या, "सायब, तुमची पोरगी ह्या शिडीवरनं उतरू दे. मग तुमी म्हणाल तितनं काढतो."

त्या पलीकडं गेल्या, ओढ्याच्या काठावर उभ्या राहिल्या आणि शिडीसकट अख्खा पूल घेतला. दुसऱ्या दिवशी बाईंचे दोन्ही कॅमेरे जमा करून घेतले गेले आणि त्यांना मागच्या खोलीत जुन्या निगेटिव्ह लावायचं काम देण्यात आलं. त्या खोलीला खिडकी नव्हती. बाई रोज वेळेवर यायच्या, तिथं बसायच्या आणि दार सताड उघडं ठेवून जाणाऱ्या-येणाऱ्याला मोठ्यानं हाक मारायच्या, "या की, बसा! वरिष्ठ छायाचित्रकार हितं अंधारात ठेवल्यात!"

एवढ्यावर भागलं असतं. पण पुस्तिकेचं प्रकाशन झालं त्या दिवशी भरलेल्या सभागृहात आम्हा सगळ्यांना एकेक प्रत वाटली. मी बाईंच्या शेजारी बसलो होतो. व्यासपीठावर मान्यवर, पुढच्या रांगांत गावोगावचे सरपंच आणि गावकरी. बाई पानं उलटत होत्या. एका पानावर त्यांचा हात थांबला. पूल आणि आकाश. सुंदर आला होता. कुणा खासगी फोटोग्राफरला पाठवून तो काढून घेतलेला असणार. आणि खाली बारीक अक्षरांत छापलं होतं: छायाचित्र – सुरेखा मगदूम.

हे मुद्दाम केलं होतं की छापखान्यात सगळ्याच फोटोंखाली एकच नाव गेलं, हे कधीच नक्की कळलं नाही. बाईंनी पान माझ्यापुढं धरलं. मी म्हणालो, "मॅडम, कार्यक्रम झाल्यावर बोलू साहेबांशी."

"कार्यक्रम झाल्यावर हे गावागावात जाईल," त्या म्हणाल्या. त्यांनी वाकून बूट काढले, आणि मला काही कळायच्या आत त्या खुर्चीवर उभ्या राहिल्या.

"थांबा जरा!" व्यासपीठावरचं भाषण थांबलं. "ह्या पुस्तकात पुलाचा फोटो हाय. त्याच्याखाली माझं नाव हाय. हा फोटो माझा न्हाय. ह्या पुलाला पलीकडनं उतराय वाट न्हाय. शाळंच्या पोरी शिडीवरनं उतरत्यात. मी बघितलंय, आमच्या सायबांनीबी बघितलंय. ज्यानं काढलाय त्यानं आपलं नाव घालावं. माझं नाव काढा."

आवाज चढलेला नव्हता. सभेत लोकांना डोकी खाली घ्यायला सांगायच्या त्याहून कमीच होता. कुणीतरी माइकवरून "मॅडम, बसून घ्या," म्हणालं. पुढच्या रांगेतून एक म्हातारा गावकरी उठला. "बाई खरं बोलत्यात. त्यो पूल आमचा हाय. माझी नात पडलीया त्या शिडीवरनं." मग त्याच्या शेजारचा उठला, मग आणखी एक. साहेब व्यासपीठावर उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावरचं ते गोड हसू तसंच राहून गेलं होतं, काढायचं विसरल्यासारखं.

बाई खाली उतरल्या, बूट घातले आणि बाहेर पडल्या. मी मागोमाग गेलो. सभागृहाच्या पायरीवर त्या बसल्या होत्या. बुटाची नाडी बांधायला बघत होत्या आणि ती काही केल्या बांधली जात नव्हती. "जयसिंगपूर, हात बघ की माझं," त्या म्हणाल्या. नाडी मी बांधली.

त्यांना निलंबित केलं. चौकशी लागली. चौकशी अधिकाऱ्यानं विचारलं, "शासकीय कार्यक्रमात गैरवर्तन केल्याचं मान्य आहे का?"

"खुर्चीवर चढलो ते मान्य हाय. पण बूट काढून चढलो होतो."

हे ऐकून कार्यालयात आम्ही हसलो. घरी मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. त्यांचे यजमान हायस्कूलमधले मवाळ शिक्षक. त्यांचा मला फोन आला, "जरा येऊन जा. ती जेवत नाही नीट." मी गेलो तर बाई स्वयंपाकघरात जमिनीवर बसून वाटाण्याच्या शेंगा सोलत होत्या. डोळे सुजलेले.

"मला खोलीत कोंडलं, कॅमेरे घेतलं, त्याचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "माझं नाव पुसलं असतं तरी चाललं असतं. नाव लावलं रे त्यांनी. आता जुन्या फोटोंकडं बघून लोक म्हणणार, हेबी असंच असंल." त्यांनी पदरानं डोळे पुसले, आणि मी काही समजुतीचं बोलणार एवढ्यात बोट माझ्यावर रोखलं. "आणि हे बघ, रडतोय म्हणून माघार घेतोय असं कुणाला सांगू नको."

यजमान दारात उभे होते. हळूच म्हणाले, "कुणीतरी मध्यस्थी केली तर माफीच्या दोन ओळी लिहून..."

"तुमी मराठी शिकवता न्हवं? लिवा की मग निबंध," बाई म्हणाल्या. पण थोड्या वेळानं त्यांनीच त्यांना हाक मारून शेजारी बसवलं आणि निम्म्या शेंगा त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

माफी त्यांनी लिहिली नाही. चौकशी रेंगाळली, मग बाईंना ताकीद देऊन परत कामावर घेण्यात आलं. एक वेतनवाढ गेली ती गेलीच. साहेबांची बदली झाली, चांगल्या जागी झाली. उरलेल्या पुस्तिका मात्र गोदामातून हलल्या नाहीत. आणि त्या पुलाचा भराव पावसाळ्याआधी पडला. गावकऱ्यांनी सभागृहातली गोष्ट जिकडंतिकडं सांगितली होती, म्हणून मुरूम, रोलर, सगळं अचानक सापडलं. त्याचा फोटो काढायला कार्यालयानं कुणालाच सांगितलं नाही. एका रविवारी बाईंनी मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं गेलो. त्या दिवशी त्यांनी दोन्ही टोकांचा फोटो काढला. पुलावरून चाललेल्या पोरींना आधी विचारलं. पोरी लाजल्या आणि "काढा," म्हणाल्या. तेव्हा बाईंच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते मी विसरणार नाही. आनंद होता, पण त्यात 'बघा, म्हटलं नव्हतं?' याची एक चांगली खमंग फोडणी होती.

त्या निवृत्त झाल्या तेव्हा त्यांची जागा भरली गेली नाही, पदच रद्द झालं. आता फोटो कंत्राटावर येतात, एका कार्यक्रमाचे शंभर-शंभर येतात, आणि त्यात सगळ्यांच्या हनुवट्या खालीच असतात.

नंतर त्या लेकीकडं निपाणीला राहायला गेल्या. जायच्या आधी मला दिसल्या त्या एका बँकेत. नोव्हेंबर होता. पेन्शनरांची हयातीच्या दाखल्यासाठी रांग लागलेली. मी माझ्या कामाला गेलो होतो. काउंटरवर एक कर्मचारी मोबाइल धरून उभा होता आणि समोर मगदूम बाई, नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या, काळा चष्मा कपाळावर सरकवलेला.

"मॅडम, इकडे बघा आणि डोळे मिचकवा," कर्मचारी सांगत होता. "सिस्टिम घेत नाहीये. परत मिचकवा."

"दोनदा मिचकावलं. आता बास."

"मिचकवल्याशिवाय तुम्ही जिवंत आहात हे त्याला कळत नाही हो."

"त्याला कळंना तर मी काय करू? जिवंत असल्याचं दाखवाय मी कुणाला डोळा मारत बसणार न्हाय."

रांगेतले म्हातारे हसायला लागले. व्यवस्थापक केबिनमधून बाहेर आले. समजुतीच्या सुरात म्हणाले, "मॅडम, अडचण अशी आहे की सिस्टिमला तुम्ही दिसत नाही."

"तुमास्नी दिसतोय न्हवं?"

"दिसताय."

"मग तुमी लिवा."

आणि त्या त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. ऑपरेशन झालेला डोळा अजून लाल होता, त्यातून पाणी येत होतं, पण पापणी हलली नाही. व्यवस्थापकांनीही थोडा वेळ बघून घेतलं. मग त्यांची पापणी लवली.

"छापील फॉर्म आणा रे एक," ते म्हणाले.

बाईंनी सही केली, चष्मा डोळ्यांवर ओढला आणि निघाल्या. मी हाक मारली तेव्हा वळल्या. "काय जयसिंगपूर! बघितलंस न्हवं?" एवढंच म्हणाल्या. थांबल्या नाहीत. उसाचा हंगाम होता. समोरच्या रस्त्यावरून दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर गाणी लावून भरधाव येत होता. मी दारातून ओरडलो. बाई फुटपाथवरून खाली उतरल्या, त्याच्याकडं न बघताच एक हात वर केला, आणि सावकाश रस्ता ओलांडू लागल्या.

ट्रॅक्टर थांबला.